गाव क्रमांक एकतीस

यादीत एकशे बारा हा आकडा दिसला आणि मुग्धाचा हात कपाच्या कानावर तसाच थांबला. तिने चष्मा काढून ओढणीने पुसला, पुन्हा घातला. आकडा जागेवरच होता. बजाजनगरच्या दुसऱ्या मजल्यावरच्या त्या ऑफिसात तिचा सोमवार असाच सुरू व्हायचा: चहा, आणि गेल्या आठवड्यात गावोगावी झालेल्या मुलाखतींची यादी. कोणतं गाव, विचारणारी कोण, सांगणारं कोण, किती मिनिटं. एक मुलाखत बावीस मिनिटांत आटपते. पंधरा मिनिटं दिसली तर विचारणारीने घाई केली समजायचं, पस्तीस दिसली तर सांगणाऱ्याला ऐकू कमी येत असेल. एकशे बारा मिनिटं कोणी कोणाला प्रश्न विचारत नाही. गाव क्रमांक एकतीस, विचारणारी यमुताई, सांगणारी रंभाबाई, वय बहात्तर, एकटी राहते. खरं तर मुग्धाला शंका यायला हवी होती, तिचं कामच ते होतं. तिला आला तो हेवा. भर दुपारी कोणीतरी कोणाजवळ जवळजवळ दोन तास बसलं होतं, एवढ्याच गोष्टीचा हेवा; आणि तो छातीच्या हाडामागे इतका स्पष्ट जाणवला की गार झालेल्या चहाच्या घोटाबरोबर तो गिळून टाकून ती खिडकीबाहेर बघत राहिली. खाली संत्र्यांचा हातठेला लागला होता. ठेलेवाला एकेक संत्रं फडक्याने पुसून रचत होता, आज गिऱ्हाईक आलं काय नि उद्या आलं काय, अशा निवांतपणे.

अभ्यासाचं नाव ‘सोबत’. त्याचा प्रश्न इतका साधा होता की नवख्या माणसाला सांगताना मुग्धाला थोडी लाजच वाटायची: एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाकडे आठवड्यातून दोनदा कोणी तासभर येऊन बसलं, तर त्याचं बरं होतं का? ‘बरं’ म्हणजे काय, ते सत्तावीस प्रश्नांत वाटून दिलेलं होतं. ब्लडप्रेशरची गोळी चुकली का, दोन्ही वेळा जेवलात का, झोप लागली का, फाटकाबाहेर पडलात का. कुही आणि आसपासची साठ गावं. त्यांतल्या तीस गावांत सोबतीण म्हणून नेमलेली बाई जाऊन बसणार, उरलेल्या तीस गावांत कोणी जाणार नाही. तिथे महिन्यातून एकदा फक्त सत्तावीस प्रश्न. कोणती तीस, ते माणसाने ठरवायचं नाही. दीड वर्षापूर्वी कुहीच्या एका मंगल कार्यालयात साठही सरपंचांना बोलावून, सगळ्यांसमोर चिठ्ठ्या काढल्या होत्या. तिसाव्या चिठ्ठीनंतर अर्ध्या खुर्च्यांवर टाळ्या वाजल्या आणि अर्ध्या खुर्च्या गप्प राहिल्या. वडबोडी हे एकतीस क्रमांकाचं गाव गप्प खुर्च्यांत होतं. त्याचे सरपंच चहा न घेताच उठले आणि मुग्धापाशी येऊन म्हणाले, “आमच्या म्हाताऱ्यायनं काय पाप केलं, मॅडम?”

“काही नाही, दादा. चिठ्ठी नाही निघाली.”

“मंग द्यायचं नाही तं दर महिन्याले येऊन विचारता काहून?”

शेजारी स्वानंद उभा होता. अभ्यासाचा प्रमुख तो; परदेशात अर्थशास्त्र शिकून नागपुरात परत आलेला, वयाने मुग्धापेक्षा दहा वर्षांनी लहान. तो समजावू लागला की तिकडच्या गावात म्हाताऱ्यांची तब्येत सुधारली, तर ती सोबतिणीमुळे सुधारली की यंदा वर्षच बरं गेलं म्हणून, हे कळायला अगदी तसंच दुसरं गाव लागतं, जिथे सोबतीण गेलेली नाही. उपयोग दिसला की मग सगळ्यांनाच मिळेल. सरपंचांनी नीट ऐकून घेतलं. “म्हंजे आम्ही तराजूतले वजन,” ते म्हणाले, “माल तिकडच्या पारड्यात. बरं हाय.” आणि मग, रुसलेला जावई रुसवा सोडून परत फिरतो तसे मागे वळून त्यांनी चहाचा कप घेतला.

त्या दिवशी घरी आल्यावर मुग्धाने हे बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते खूप हसले होते. गोपाळराव आयुष्यभर एका शेती संशोधन केंद्रात क्षेत्र सहायक होते. म्हणजे शास्त्रज्ञ कागदावर जो प्रयोग आखतील तो मातीत उतरवायचा, दोरी धरून वाफे पाडायचे आणि कोणत्या वाफ्याला कोणतं खत हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. त्यांचं म्हणणं, माणूस लबाड नसला तरी लाडकं-दोडकं करतोच. आवडतं बियाणं तो नकळत चांगल्या मातीतच पेरतो आणि मग बियाण्याचं कौतुक करतो. चिठ्ठीला कोणी लाडकं नाही. घरातही त्यांनी तेच चालवलं. खिडकीजवळची जागा कोणाची, सुट्टीत आधी मामाकडे की आत्याकडे, कोथिंबिरीची शेवटची सांबारवडी मुग्धाची की तिच्या भावाची, ऋषीची, सगळं चिठ्ठीवर. आई चिडायची. “अहो, मुलं आहेत ती, ज्वारीचे वाफे नाहीत!” आणि बाबा शांतपणे कागदाच्या घड्या घालत म्हणायचे, “म्हणून तर. ज्वारी निदान भांडत नाही.” मुग्धाला ती पद्धत आवडायची. हरल्यावर राग यायचा, पण तो राग कोणावर काढायचा ते सापडायचं नाही, आणि थोड्या वेळाने तो आपोआप विरून जायचा. मोठेपणी ती या कामात आली त्याचं कारण लोकांना ती वेगळं सांगायची, पण आतलं कारण हेच असावं: ज्यात कोणाचा दोष नाही अशा हरण्याची तिला लहानपणापासून सवय होती.

तिने एकतीस क्रमांकाच्या मागच्या नोंदी उघडल्या. मेमध्ये, यमुताईच्या पहिल्या फेरीत, बावीस मिनिटं. जूनमध्ये चोवीस. जुलैत एकतीस. मग सत्तेचाळीस, अठ्ठावन्न, ऐंशी, आणि आता नोव्हेंबरात एकशे बारा. आकडे वर चढत गेले होते, एखादं नातं चढत जावं तसे. आणि शेवटी सत्ताविसावा प्रश्न: मागच्या सात दिवसांत घराबाहेरचं कोणी तुमच्याकडे येऊन बसलं का? मेमध्ये ‘नाही’, आणि जूनपासून साही महिन्यांत एकच उत्तर होतं. ‘हो. एक बाई.’ वडबोडीत सोबतीण जात नव्हती. मग ही बाई कोण, हे जूनमध्येच विचारायला हवं होतं, आणि विचारणं मुग्धाचं काम होतं. तीस गप्प गावांतल्या सत्ताविसाव्या रकान्यावर डोळा ठेवायची जबाबदारी कागदोपत्री तिच्या नावावर होती. मार्चपासून तिने तो रकाना वाचला नव्हता. यादी उघडायची, सव्वीसपर्यंत यायची, आणि तिथे तिचं बोट आपोआप पान पुढे सरकवायचं. असं आपण करतो हे तिला कुठेतरी माहीत होतं. जिभेला दुखऱ्या दाताची जागा माहीत असते तसं.

मार्चमध्ये बाबा गेले. आईनंतर हुडकेश्वरच्या घरी ते एकटे राहायचे आणि मुग्धा दर रविवारी जायची. सकाळी जायची, स्वयंपाक करायची, जेवून दोघं पेपर वाटून घ्यायचे, फारसं बोलायचे नाहीत. त्या रविवारी नव्या सर्वेक्षक बायकांचं प्रशिक्षण होतं म्हणून ती गेली नाही. सोमवारी सकाळी शेजारच्या शोभाताईंचा फोन आला, दुधाची पिशवी दारातच पडलीय म्हणून. डॉक्टर म्हणाले की रविवारी संध्याकाळी झालं असावं, झटका मोठा होता, कोणी असतं तरी कदाचित काही करता आलं नसतं. त्या ‘कदाचित’वर मुग्धा नऊ महिने राहत होती. पुण्याहून आलेला ऋषी तेराव्याला एकदाच म्हणाला, “तू गेली असतीस तर...” आणि लगेच तिचा हात धरून म्हणाला, “जाऊ दे, मी काहीतरीच बोललो.” तो काहीतरीच बोलला नव्हता. तेच वाक्य तीस गावं आणि तीस गावं करून ती पगारी विचारत होती: कोणी गेलं असतं तर? फक्त तिला हेही ठाऊक होतं की हा प्रश्न एका माणसाविषयी विचारताच येत नाही. त्यासाठी हजार गोपाळराव लागतील, हजार रविवार लागतील, पाचशे मुली बसने हुडकेश्वरला जातील आणि पाचशे प्रशिक्षणाला. एका माणसाला जोडीचं गाव नसतं. प्रशिक्षणात हे ती फळ्यावर आकृती काढून शिकवायची, आणि बायका माना डोलवायच्या. त्या रविवारीही, साडेचारच्या सुमारास, तिने हीच आकृती काढली होती.

दुसऱ्या दिवशी ती न कळवता वडबोडीला निघाली. अशी अचानक तपासणी तिच्या कामाचाच भाग होता. बाबांची जुनी गाडी ती वापरत होती, आणि सीट अजून त्यांच्या उंचीवर होती, त्यामुळे क्लच दाबताना तिला जरा पुढे सरकावं लागायचं. उमरेड रोड सोडल्यावर दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, लागली. कापणी झालेली, खुंटांवर ऊन, आणि बांध्यांतून लाखोळीच्या कडधान्याची कोवळी हिरवळ वर आलेली. डिसेंबरची ती हवा, जरा थंड आणि जरा उबदार, काचेतून आत येऊन गालाला लागत होती, आणि काही कारण नसताना मुग्धाला बरं वाटलं. बरं वाटल्याचं जाणवताच, नऊ महिन्यांच्या सवयीने, तिने मनाशी काहीतरी अपराधी शोधून बघितलं. पण रस्ता चांगला होता, आणि ते सापडायच्या आत गाव आलं.

रंभाबाई ओसरीत पोपटीच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत बसली होती. बारीक, काळी, लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेली. मुग्धाने ओळख सांगून पाचच प्रश्न विचारायचेत म्हटलं, तशी तिने वर न बघता पाटाकडे हात केला. “आंधी बस. आल्याबरोबर सवाल विचारे ते पोलीस. चाय घेशील का?”

“नको, आजी. आम्हाला घ्यायची मनाई असते.”

“यमू तं घेते.”

मुग्धा बसली. “यमुताई किती वेळा येते?”

“दर मंगयवारी. आज बी यायची हाय. सवालाच्या दिवशी बी येते, अन् बिनासवालाच्या दिवशी बी येते. पुढच्या गावाले जाऊन राह्यते ना ते, इथूनच रस्ता हाय. म्हनते, आजी, सायकलीचं पंक्चर हाय, पाच मिनिट बसतो.” रंभाबाईने सोललेला दाणा टोपल्यात टाकला. “सहा महिने झाले, त्या पंक्चरले काही दुकान सापडलं नाही.”

मुग्धाला हसू आलं आणि ते तिने आवरलं नाही. गोळ्या कोण देतं विचारल्यावर रंभाबाईने कोनाड्यातली पुडी दाखवली. यमूने प्रत्येक गोळीच्या पाकिटावर वार लिहून दिला होता. जेवण दोन वेळा. झोप बरी. मागच्या महिन्यात ती शेजारणीच्या नातीच्या लग्नाला कन्हानपर्यंत जाऊन आली होती. कागदावर ही बाई गप्प गावातली होती, आणि कागदावरच्या टाळ्यांच्या गावातल्या कितीतरी म्हाताऱ्यांपेक्षा ती खुशाल होती. परतीच्या वाटेवर मुग्धा हिशेब करत राहिली. सोबत न मिळालेल्या गावांत अशी सोबत मिळाली, की दोन्ही पारड्यांतला फरक कमी दिसणार. फरक कमी दिसला की कोणीतरी दूरच्या खोलीत म्हणणार, सोबतीण पाठवून उपयोग नाही, बंद करा. यमुताईच्या त्या मंगळवारांनी सोबतीचंच काम हलकं होत होतं. साठात एक गाव, तसं ते फार नव्हतं. पण लपवलं तर ते फार होतं. आणि सांगितलं तर यमुताईची नोकरी जाणार होती. प्रश्नांशिवाय कोणाकडे बसलं तर काम बंद, हे करारात ठळक अक्षरांत छापलेलं होतं, आणि सही करायच्या आधी ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवणारी मुग्धाच होती.

यमुताई तिला कुहीच्या बसस्टॉपवर भेटली, सायकलच्या पायडलवर एक पाय टेकवून उभी. पंचेचाळिशीची बाई, बारावी झालेली, नवरा गेल्यावर या कामाला लागलेली, आणि तिच्या आवाजात कायम थोडी थट्टा असायची. मुग्धा गाडीतून उतरली तशी तिने ओळखलं. “एकतीसले जाऊन आल्या ना मॅडम? चेहऱ्यावर दिसून राह्यलं.”

“यमुताई, नियम माहीत होता तुम्हाला.”

“माहीत होता. तुम्हीच तर शिकवला, आकृती काढून.” तिने पायडलवरचा पाय खाली घेतला. “पण मी तिले काय दिलं, मॅडम? औषध दिलं का, पैसे दिले का? मी बसली फक्त.”

“बसणंच तर मोजतोय आपण.”

यमुताईने हँडलवरची पिशवी सरळ केली. हे तिला नव्याने कळलं असावं असं मुग्धाला वाटलं, किंवा कदाचित फार आधीच कळलेलं होतं. “मे महिन्यात पहिल्यांदा गेली ना, तं सत्तावीसवा सवाल विचारला. कोणी येऊन बसलं का? बाई म्हणे, तू आलीस ना वं. म्हटलं, मी नाही चालत आजी, मी सवालवाली. तं म्हणे, मंग दुसरी कोण? मी घरी जाऊन जेवली, भांडे घासले, अन् तो सवाल डोक्यातून जाईच ना. असा सवाल विचारून कसं निघून जा मॅडम, तुम्हीच सांगा? तहान लागली का विचारायचं अन् पुढच्या घरी जायचं?” मग ती आवाज उतरवून म्हणाली, “पण खोटं एकही नाही लिहिलं. जूनपासून दर महिन्याले लिहिलं, हो, एक बाई. म्हटलं, कोणी तरी वाचन अन् मले बोलावन. कोणी बोलावलंच नाही.”

बस आली, धूळ उडाली, धूळ खाली बसली.

ती नऊ वर्षांची असताना उन्हाळ्यात एक दिवस बाबांनी तिला केंद्रावर नेलं होतं. भेंडीचे वाफे होते, प्रत्येकासमोर लाकडी खुंटी आणि तिच्यावर आकडा. कोणाला एक मूठ खत, कोणाला दोन, आणि नवव्या वाफ्याला काहीच नाही. तिने विचारलं, याला का नाही? बाबा म्हणाले, चिठ्ठी. मग ते पाण्याचं बघायला गेले, आणि मुग्धाने खताच्या पोत्यातली मूठभर पांढरी खडी उचलून नवव्या वाफ्याच्या कोपऱ्यात टाकली. मुठीत गार लागलं होतं, आणि मूठ उघडल्यावर हाताला ओशट वास राहिला तो फ्रॉकला पुसूनही गेला नाही. पंधरा दिवसांनी बाबा जेवताना सहज म्हणाले, “नवव्या वाफ्याच्या कोपऱ्यात चार झाडं भलतीच हिरवी झालीत.” तिला रडू फुटलं आणि तिने सगळं सांगितलं. ते रागावतील, चार झाडं उपटून टाकतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी हात धुतले, ऑफिसची वही काढली आणि शास्त्रज्ञ बघतील त्याच पानावर आपल्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘वाफा ९, ईशान्य कोपरा. मुलीने खत टाकले. पाहून नोंद केली.’ तिने विचारलं, आता नववा वाफा खतवाल्यांत मोजायचा का? “छे,” ते म्हणाले, “चिठ्ठीने जिथे घातला तिथेच मोजायचा. नंतर त्याचं काय काय झालं ते बाजूला लिहून ठेवायचं. झालेलं आवडलं नाही म्हणून वाफा इकडून तिकडे करता येत नाही.” आणि मग जरा थांबून, “आणि मुलीलाही काढून टाकता येत नाही,” असं म्हणून त्यांनी तिच्या ताटात भात वाढला.

ही आठवण तिला बुधवारी सकाळी, ऑफिसच्या जिन्यात, दोन पायऱ्यांच्या मधे आली, आणि ती कठडा धरून तिथेच थोडी उभी राहिली. नऊ महिन्यांत तिने बाबांचा एकच दिवस आठवला होता. तोच तो रविवार, त्यातला तोच साडेचारचा सुमार. तो या बाजूला ठेवून बघायचा, त्या बाजूला ठेवून बघायचा, जणू कुठल्यातरी मांडणीत तो बरोबर बसेल. आणि मागे त्यांचं सगळं आयुष्य, वह्यांच्या चळतीसारखं, न उघडता पडून होतं. तिने वर जाऊन नोंद लिहिली. ‘गाव ३१. सर्वेक्षक यमुताई यांनी जूनपासून दर आठवड्याला भेट दिली. उत्तरांत तसे दर महिन्याला नोंदवले होते. रकाना २७ तपासण्याची जबाबदारी माझी होती. मार्चपासून मी तो तपासला नाही.’ शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर तिने ते दोनदा वाचलं. त्याला पुढे कारण जोडावंसं वाटलं नाही.

स्वानंदने ते वाचून कपाळाला हात लावला. “मुग्धाताई, शेवटची फेरी तीन आठवड्यांवर आली आणि आता?”

“आता कळलं.”

“गाव काढून टाकूया? डेटा क्लीन राहील.”

“निकाल बघून वाफे काढायला लागलो तर मग चिठ्ठ्या कशाला काढल्या? गाव तिथेच मोजायचं. नोंद बाजूला.”

त्याने तिच्याकडे जरा आश्चर्याने पाहिलं. हा नियम त्यालाही माहीत होता, किंबहुना जाड पुस्तकांतून माहीत होता. पण इतक्या घरगुती भाषेत त्याने तो ऐकला नव्हता. “आणि यमुताई? करार स्पष्ट आहे.”

“त्यांनी सहा वेळा खरं लिहिलं, आपण सहा वेळा वाचलं नाही. त्यांना काढायचं तर आधी मला काढावं लागेल. तसं असेल तर तसं सांग, मी कागद देते.” हे म्हणताना तिचा आवाज चढला नाही, आणि तिला जाणवलं की आपण धमकी देत नाही आहोत, खरंच जे व्हायचं ते होऊ दे म्हणून उभ्या आहोत. ते उभं राहणं फार हलकं होतं. स्वानंद खिडकीपाशी गेला, परत आला, खुर्चीत बसला, आणि शेवटी म्हणाला, “सत्ताविसावा रकाना इतके दिवस मी तरी कुठे बघितला.” यमुताईला शेवटच्या फेरीपुरतं ऑफिसात बसवायचं ठरलं, एकतीसला त्या फेरीआधी कोणी जायचं नाही, आणि फेरी मुग्धा स्वतः करणार. यमुताई फोनवर आधी रुसली. “मले खुर्चीवर बसवता का? माह्या पायाले चाकं हायेत, मॅडम.” मग म्हणाली, “आजीले सांगा, पंक्चर दुरुस्त झालं.”

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मुग्धा वडबोडीला गेली. दुपार होती, ओसरीत ऊन आलेलं, रंभाबाई त्याच्या कडेने सूप घेऊन बसलेली. “यमू काहून नाही आली?” तिने विचारलं. मुग्धाने निरोप सांगितला. “जाऊ दे, बरं झालं,” म्हणून रंभाबाईने सूप पाखडलं, पण डोळे फाटकाकडे जाऊन आले. मुग्धाने नियमाप्रमाणे एकेक प्रश्न विचारला, नियमाप्रमाणे चहाला नाही म्हटलं. गोळी दोनदा चुकली होती. जेवण होतं, झोप बरी होती. मागच्या सात दिवसांत घराबाहेरचं कोणी येऊन बसलं का?

“नाही वं पोरी. कोनी नाही.”

मुग्धाने टॅबवर ‘नाही’ लिहिलं. ते लिहिताना दुखलं, आणि ते दुखणं तिने पुढे सरकवलं नाही. त्याच्यासमोर ती क्षणभर थांबली आणि मग शेवटचं बटण दाबलं. अभ्यास इथे संपला. निकाल काय लागेल ते उन्हाळ्यात कळेल; सोबतिणी सगळ्या गावांना मिळतील किंवा मिळणार नाहीत. पण या घरात आता मोजायचं काही उरलं नव्हतं, आणि म्हणून इथे बसल्याने काहीच बिघडणार नव्हतं. ती उठली होती ती पुन्हा पाटावर बसली.

“झाले तुहे सवाल?”

“झाले, आजी.”

“मंग चाय ठेवतो.” पण रंभाबाई लगेच उठली नाही. तिने मुग्धाकडे नीट पाहिलं, पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं. “अन् तुह्या इथं कोन येऊन बसते?”

“मीच जायची, रविवारी. बाबांकडे.” मुग्धा म्हणाली. “मार्चमध्ये गेले ते. रविवार होता. त्या दिवशी मी गेले नव्हते.”

वाक्य बाहेर आलं आणि ओसरीतल्या उन्हात राहिलं. रंभाबाईने अरेरे केलं नाही, वर हात करून देवाचं नाव घेतलं नाही. तिने लाखोळीच्या डाळीने भरलेलं सूप सरळ मुग्धाच्या मांडीवर ठेवलं. “खडे पाहाय. हात चालू राह्यले का सांगता येते. कसा होता मानूस?”

मुग्धाने डाळीतून बोटं फिरवली. डाळ गुळगुळीत आणि उन्हाने कोमट होती. एक खडा सापडला, तो तिने बाजूला ठेवला. सुरुवात कुठून करावी ते तिला कळेना. त्या रविवारच्या मागे इतके दिवस रांगेत उभे होते, आणि त्यांतला कुठलाही घेतला असता तरी चाललं असतं.

“त्यांना तिखट सोसायचं नाही,” ती म्हणाली. “पोह्यांवर तर्री घातली की डोळ्यांतून पाणी यायचं. मग साखर खायचे.”

“नागपूरचा मानूस अन् तर्री नाही?” रंभाबाई चुलीकडे जाता जाता उंबऱ्यात थबकली. “तुही माय कशी राह्यली वं त्याच्यासंगं?”

“तेच तर,” मुग्धा म्हणाली, आणि सांगू लागली.